घरच्यांची बाजू

"शोधून दाखव. कुठे फाटलं होतं? यल्ला, दाखव!"

पप्पांनी प्लॅस्टिक ओढून काढलं आणि शेनॉनची काळी केप हॉलमध्ये सगळ्यांसमोर धरली. खांद्यापासून पार खालपर्यंत येणारी, जाड लोकरीची. पोर्तुगालमध्ये कोइंब्रा म्हणून छोटं शहर आहे. तिथल्या युनिव्हर्सिटीतली पोरं अजूनही असल्या केप घालून फिरतात. माझी बहीण तिथून पास होऊन परवाच शारजाला आली. आज केक, पाहुणे, सगळं.

समोरच्या फ्लॅटमधले सुरेशकाका चष्मा वर करून बघायला लागले. "विली, हबीबी, जादूगार आहेस तू. खालच्या कडेच्या तर चिंध्या झाल्या होत्या ना?"

"चिंध्याच! एवढी शिकली, पण कपडे सांभाळता येत नाहीत पोरीला." पप्पा खूष. "सातशे वर्षांची युनिव्हर्सिटी आहे, सुरेश. आपल्या वसईच्या किल्ल्याच्याही आधीची."

हे ते रोल्लाच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. तिथल्या लाँड्रीत ते अल्टरेशन आणि रफू करतात, मी जन्मायच्या आधीपासून. पँट आखूड करायला आलेल्या माणसाला आधी शेनॉनचा फोटो, मग टेप. मला लाज वाटायची. पण खोटं कशाला बोलू? मी बारावीनंतर दुबईत अल क्वोजच्या गॅरेजमध्ये लागलो, आणि तिथे मीपण तोच फोटो दाखवतो.

शेनॉन हसली. "वॉव, पप्पा." आणि किचनमध्ये गेली.

ते हसणं मला माहीत आहे. मी मागोमाग गेलो. ती सिंकपाशी उभी, नळ उगाचच चालू.

"काय झालं?"

"नथिंग."

"शेनॉन."

"अरे, ते मुद्दाम फाडलेलं होतं, डॅरिल. कोर्स संपला की जवळची माणसं तुझी केप फाडतात तिथे. हाताने. आठवण म्हणून. एक फाड माझ्या रूममेटची होती, लुआनाची. एक खालच्या मजल्यावरच्या आजींची. मला ताप आलेला तेव्हा रोज सूप आणून द्यायच्या. त्या गेल्या रे आता." तिने नाक पुसलं. "ती केप धुवायचीपण नसते. आणि पप्पांनी ड्रायक्लीन केली!" आता ती खरंच हसत होती, रडता रडता. "त्यांना सांगू नकोस हां. किती खूष आहेत."

दारात पप्पा उभे होते. हातात केकच्या उष्ट्या प्लेट्स.

त्यांनी प्लेट्स ठेवल्या. बाहेर गेले, केप आणि टाके उसवायचा छोटा कटर घेऊन आले. स्टुलावर बसून स्वतःचीच रफू उसवायला लागले.

"पप्पा, इट्स ओके."

"गप. आजींची कुठली?"

तिने अंदाजाने बोट ठेवलं. मला तिथे काहीच दिसेना, इतकं साफ काम. पप्पांना लगेच सापडलं.

मम्मी आली. "विली, बाहेर माणसं बसलीत नी तू काय..." मग तिने आमची तोंडं बघितली आणि नळ बंद केला.

लुआनाची फाड मोकळी झाली. आजींची झाली. पप्पांनी वर बघितलं. "आपली कुठली?"

"नाहीये."

"म्हणजे?"

"घरच्यांची बाजू वेगळी असते. ती मी कोणाला हात लावू दिली नाही. तुमचा व्हिसा आलाच नाही ना."

त्या दिवशी पप्पा सुटाबुटात सोफ्यावर बसले होते, मोबाईलवर तिचा पदवीचा कार्यक्रम बघायला. मम्मीने साडी नेसली होती. ते आठवलं आणि मी छताकडे बघायला लागलो.

पप्पांनी ती बाजू हातात घेतली. "कैची?"

"नाही. हातानेच."

त्यांनी ओढलं. फाटेना. पुन्हा ओढलं. आयुष्यभर लोकांचे कपडे वाचवलेला माणूस, त्याचा जोरच लागेना.

"दातात धर," मम्मी म्हणाली. "दोरा तोडतोस तसा."

पप्पांनी कड दातात धरली आणि झटका दिला. केवढा तो आवाज! हॉलमधल्या गप्पा थांबल्या.

"विली, काय फाटलं रे?" सुरेशकाका बाहेरून ओरडले.

"माझ्या पोरीची केप!" पप्पांचा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला असेल. "मी फाडली!"

सवयीने त्यांच्या बोटांनी सुटलेला धागा आत दुमडला. मग त्यांनी तो परत बाहेर काढला, आणि केप मम्मीपुढे धरली.

"ओल्गा, आता तू."