हेल्मीचा डावा डोळा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि शेजारच्या लोलाचे कौतुक मला अजिबात ऐकवत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्याने आधी आपला जन्म सांगायचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण मनातली मळमळ बाहेर पडल्याशिवाय मला पुढचे काही सुचणार नाही.

लोला म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले नवे यंत्र. पांढरीशुभ्र पेटी, आत कॅमेरा आणि बाजूला भला मोठा पडदा. सरोवराचे पाणी गाळायचे, गाळणीवर उरलेल्या कणांना एक रंग चढवायचा आणि ती चकती तिच्या पुढ्यात ठेवायची. बाईसाहेब त्यावर निळा उजेड टाकतात. रंग प्यायलेले प्लास्टिकचे कण चमकू लागतात. मग ती फोटो काढते आणि कण मोजतेही स्वतःच. लोक कॉफीचे मग घेऊन तिच्यापुढे घोळका करतात आणि "वा!" म्हणतात. मला कधी कोणी "वा" म्हटले नाही. माझ्या नळीतून एका वेळी एकालाच दिसते, मग घोळका जमणार तरी कसा?

आता जन्माचे सांगतो. मी घडलो एका दूरच्या कारखान्यात. पितळी नळी, ओतीव लोखंडाचा पाय, आणि एका म्हाताऱ्या कारागिराने हातांनी घासलेली भिंगे. तिथून मी अमेरिकेतल्या डुलुथला आलो, सुपीरियर सरोवराच्या काठी. खिडकीजवळच्या टेबलावर मला जागा मिळाली. हिवाळ्यात तिथून नजर पोचेल तिथवर बर्फच बर्फ दिसतो.

आणि मला हेल्मी मिळाली. हेल्मी लाहती. तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. चष्मा काढून केसांत खोचायची, डावा डोळा माझ्या नळीला लावायची, उजवा उघडा ठेवून शेजारच्या कागदावर चित्र काढायची. तिच्या श्वासाला कॉफीचा आणि वेलचीच्या पावाचा वास असे. तिच्या पापण्या माझ्या काचेला लागत. इतक्या जवळ माझ्या कोणी आले नाही, आणि मला दुसरे कोणी यायला नकोही होते.

आधी आम्ही शेवाळ बघायचो. मग एके दिवशी एक निळा धागा दिसला. "हे काही सरोवराचं नाही," हेल्मी पुटपुटली. तिने सुई तापवून धाग्याला टेकवली. धागा आक्रसून वळला. प्लास्टिकच ते! त्या दिवसापासून तापल्या सुईची परीक्षा आमच्या घरची झाली. दाराशी सगळ्यांनी आपली लोकरीसारखी मऊ, पण प्लास्टिकच्या धाग्याची जाकिटे काढून ठेवायची, कारण त्यांचेच धागे झडतात, आणि भडक नारिंगी सुती डगले घालायचे, म्हणजे आपला धागा पाण्यात पडलाच तर रंगावरून ओळखू येतो. आमचे साहेब आर्विड टोलेफसन रोज कुरकुरायचे, "मी भोपळ्यासारखा दिसतो यात." हेल्मी म्हणायची, "डगला काढलास तरी फार फरक पडत नाही, आर्विड."

ते सुखाचे दिवस होते. मग लोला आली.

आली आणि हेल्मीने आपले स्टूल उचलून तिच्यापुढे ठेवले. माझा निरोप घेतला नाही की कारण सांगितले नाही. मला धूळ लागू नये म्हणून एक पिशवी माझ्या डोक्यावर चढवली गेली. तीही प्लास्टिकची! ज्याने उभा जन्म प्लास्टिक शोधले, त्याला प्लास्टिकमध्येच गुंडाळले. त्या पिशवीतून मला हेल्मी धूसर दिसायची, लोलाच्या पडद्याजवळ नाक नेऊन बसलेली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय आहे त्या पेटीत? तिला पापणीचा स्पर्श तरी कळतो का?

एका शुक्रवारी आर्विडने माझ्या मानेला पिवळी चिठ्ठी बांधली. "हेल्मी, हा म्हातारा सोमवारी तळघरात जाऊ दे. उगाच जागा अडवतोय."

ती नाही म्हणेल, याची मला खात्री होती. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "जाऊ दे."

मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, एवढेच.

त्याच दुपारी लोलाचा पडदा पेटला. गावाच्या नळाला जाणारे पाणी बर्फाखालून काढून आणले होते, त्याची चकती तिच्यापुढे होती. पडदाभर चांदणे पसरावे तसे ठिपके चमकत होते. आर्विडचा चेहरा उतरला.

"नगरपालिकेला आत्ताच्या आत्ता फोन करतो. सगळं गाव हे पाणी पितंय."

"थांब जरा," हेल्मी म्हणाली. "आपण पडताळ्याला ठेवतो ती शुद्ध पाण्याची चकतीसुद्धा तशीच चमकतेय. त्यात काहीच असायला नको."

"मग शुद्ध पाण्यातही प्लास्टिक असेल. लोला चुकत नाही."

"लोला चमकतं ते मोजते. काय चमकतंय, ते तिला कोण सांगणार? मार्लिस, त्या म्हाताऱ्याची पिशवी काढ गं."

मार्लिस म्हणजे हेल्मीची कामातली जोडीदारीण, अखंड बडबडणारी. तिने पिशवी ओढली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बघ लोला, बघ! अडल्यावर आठवण कोणाची झाली?

चकती माझ्याखाली आली. हेल्मीने चष्मा केसांत खोचला. डावा डोळा माझ्या काचेला लागला, पापणीही लागली. पण तो डोळा ठरेना. ती भिंग वरखाली करायचे चाक पुढे फिरवी, मागे फिरवी, पुन्हा पुढे. मी माझ्याकडून चित्र अगदी स्वच्छ धरले होते. तिचा डोळा मात्र अंधारात चाचपडावे तसा त्या चित्राच्या कडेकडेने फिरत राहिला.

ती बाजूला झाली. "मार्लिस, तू बघ."

"मी? हा तर तुझा लाडका. मला हात लावू देत नव्हतीस कधी."

"डाव्या डोळ्याला मधलं काही दिसत नाही मला. नुसता डाग दिसतो. उन्हाळ्यापासून." हेल्मी खिडकीकडे बघत बोलत होती. "उजवा पहिल्यापासूनच अधू. पडद्यावर मोठं करून घेतलं की त्याने भागतं. लोला आली नसती तर मी केव्हाच घरी बसले असते."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"बोलले असते, तर तुम्ही केक आणून मला निरोप दिला असता."

आर्विडने हातातला फोन खाली ठेवला. मार्लिसने मुकाट्याने डोळा माझ्या नळीला लावला.

"थेंब दिसतायत, गोल गोल. सुई आण."

हेल्मीने तापलेली सुई धरली. तिचा हात अजून जरासुद्धा कापत नव्हता. मार्लिस सांगत गेली, "डावीकडे. आणखी थोडी. हं, लागली."

"वळलं?"

"नाही. पसरलं. तेलासारखं."

हेल्मीने चकत्या उचलायचा बारीक चिमटा घेतला आणि नाकाजवळ नेला. मग ती सावकाश वळली. "आर्विड, दुपारी काय खाल्लंस?"

"धुरी दिलेला मासा. शुक्रवारी मी मासाच खातो ना."

"आणि काटे कशाने काढलेस?"

आर्विडच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "टेबलावर चिमटा होता... आणि मी पुसला होता गं, रुमालाला!"

मार्लिस हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली. माशाच्या चरबीने तो रंग प्लास्टिकसारखाच प्यायला होता आणि लोलाने ती सगळी चरबी इमानाने मोजली होती. चिमटा उकळून दुसऱ्या चकत्या केल्या, तेव्हा शुद्ध पाण्याची चकती काळीभोर राहिली. गावाच्या पाण्यात मात्र तुरळक ठिपके होते. ते सुईने वळले. ते खरे होते, आणि तेवढेच नगरपालिकेला कळवले गेले.

मी जिंकलो होतो, मित्रांनो. लोलाचे नाक चांगले कापले गेले होते. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! पण आनंद काही होईना. हेल्मी मला सोडून गेली नव्हती. माझ्या एवढ्याशा नळीतून तिला आता दिसतच नव्हते, आणि त्याला माझ्यापाशी काही उपाय नव्हता. लोलापाशी होता.

जाताना हेल्मीने माझ्या मानेची पिवळी चिठ्ठी सोडली आणि आर्विडच्या नारिंगी खिशात कोंबली. आता मी खिडकीपाशीच असतो. शंका आली की मार्लिस माझ्यातून बघते आणि हेल्मी सुई धरते. तिचे स्टूल अजून लोलापुढेच आहे. तो घोळका, ते "वा" ऐकले की माझ्या पोटात दुखतेच. हेवा काही गेला नाही, आणि गेल्याचे नाटक मी करणार नाही.

तरी एक मागणे आहे. कधी इकडे आलात आणि हातात मऊ फडके असले, तर जुने म्हणून मला पुसायला धावू नका. आधी लोलाची काच पुसा. हेल्मीला तिच्यातून दिसते.