पांढरी तार

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बरं. निफाडमधली एक खोली. टीव्हीखाली तीन जुने व्हिडिओ प्लेयर एकावर एक रचलेले, प्रत्येकाची कॅसेट वेगळ्या मापाची. टीव्हीला मात्र तारा लावायची जागा एकच. म्हणून मधे तीन बटणांची एक डबी. पहिलं बटण दाबलं की पहिला प्लेयर दिसतो, दुसरं दाबलं की दुसरा.

ही सगळी जोडणी मोतीराम आबांची. कधीकाळी ते लग्नांचं शूटिंग करत. आता घरात एकटेच. त्यांची बायको, सुवर्णाआजी, जाऊन हा दुसरा उन्हाळा. तिचा चेहरा फोटोत होता. आवाज मात्र आबांना आठवेनासा झाला होता, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

शेजारची निकिता सुट्टीत त्यांच्याकडे येऊन बसायची. आबांनी पहिलं बटण दाबलं. पुतण्याच्या हळदीत आजीचे ओठ हलत होते आणि वर सनई. दुसरं दाबलं. आजी पंगतीत आग्रह करत होती आणि वर सिनेमातलं गाणं.

"आबा, आजी बोलतायत का सनई वाजवतायत?"

आबा हसले. "तेव्हा पद्धतच होती गं. खरा आवाज पुसायचा अन् वर गाणं चढवायचं. गिऱ्हाइकांचं तसं केलं, घरचंही तसंच."

गाणं न चढवलेली एकच छोटी कॅसेट ट्रंकेच्या तळाशी सापडली होती. ती तिसऱ्या प्लेयरमध्ये घालून आबांनी तिसरं बटण दाबलं. द्राक्षबागेत आजी कमरेवर हात ठेवून, थेट कॅमेऱ्याकडे बघत काहीतरी सुनावत होती. आबांनाच. पण खोलीत आवाज फक्त पंख्याचा.

"या कॅसेटचाही आवाज गेला," आबा पुटपुटले आणि खिडकीकडे बघत राहिले.

निकिता प्लेयरमागे डोकावली. "आबा, पिवळी तार चित्राची, पांढरी आवाजाची. तुम्हीच शिकवलं ना? मग ही पांढरी अशी का लोंबतेय?"

आबा थबकले. त्या प्लेयरला वर्षानुवर्षं त्यांनी पिवळीच तार जोडली होती. वर गाणंच चढवायचं, तर आवाज हवा होता कुणाला! आजही हात आपसूक तसाच चालला होता. त्यांनी पांढरी तार उचलली, पण लावली नाही.

"राहू दे, पोरी. लावली अन् तरी आवाज नसला, तर?"

पडद्यावर आजीचं अर्धं बोलणं होऊन गेलं होतं. निकिताने कॅसेट थांबवली, पार सुरुवातीपर्यंत मागे नेली. मग आबांच्या हातातली तार घेऊन घट्ट बसवली, आणि त्यांचं बोट धरून प्लेयर सुरू करायच्या बटणावर ठेवलं.