लाकडामागचा मासा

धाकटा दिवसभर दुसऱ्यांचे दात बनवायचा. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करणं हे असं काम आहे, की ते उत्तम झालं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. "वा, काय कवळी आहे!" असं कुणी म्हणालं, तर समजायचं की कवळी फसली. पाच वर्षं असं न दिसणारं यश मिळवल्यावर त्याला एकदा तरी असं काहीतरी करायचं होतं, जे लोकांनी थांबून बघावं. म्हणून त्यानं पाण्याखाली जंगल करायला घेतलं.

दोन फुटी काचेची टाकी. आत काळी दाणेदार माती, मागे चढत गेलेली. मध्ये एक वाकडंतिकडं लाकूड. ते तरंगू नये म्हणून पंधरा दिवस अंघोळीच्या बादलीत बुडवून ठेवलं होतं. त्या पंधरा दिवसांत बाबांनी चहाच्या रंगाच्या पाण्यानं अंघोळ केली आणि कातडी सुधारल्याचं चारचौघांत सांगितलं. लाकडाच्या फांद्यांना आईच्या काळ्या रिळाच्या दोऱ्यानं बांधलेलं मॉस नावाचं मऊ पाणगवत. पुढच्या उतारावर हिरवळ, तिची एकेक काडी लॅबमधल्या लांब चिमट्यानं रोवलेली. दोनशेदहावी काडी रोवताना त्याला शिंक आली, हात हलला आणि साठेक काड्या उपटून वर तरंगल्या. त्यानं त्या पुन्हा रोवल्या.

आता हे जंगल जिथे उभं राहिलं, तिथे आधी आईचं शिलाई मशीन होतं; ते आता मागच्या अंधाऱ्या खोलीत गेलं होतं. आई लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची, आणि घरातला सगळ्यात चांगला उजेड त्या कोपऱ्यात होता.

"एक महिना," आई म्हणाली होती. "महिन्याभरात त्यात मासा सुखानं नांदताना दिसला, तर टाकी राहील. नाहीतर टाकी गॅलरीत आणि मशीन जागेवर."

गॅलरीत दुपारभर ऊन. तिथे आठवड्यात टाकीची शेवाळाची भाजी झाली असती.

पण माशांच्या दुकानदारानं वेगळंच सांगितलं. "महिना-दीड महिना मासा टाकायचा नाही. मासा घाण करणार, घाणीचं विष होणार. ते विष खाणारे जीवाणू आधी तयार व्हायला हवेत. पाणी पिकू दे."

धाकट्यानं हे घरी सांगितलं.

"पाणी काय केळं आहे पिकायला?" आई म्हणाली. "मी पँटी आखूड करते, पण माझी अक्कल आखूड नाही."

नवव्या दिवशी ती हातात टेप घेऊन टाकीसमोर उभी राहिली. मशीनची मापं घ्यायला.

"मासा कुठाय?"

धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "आहे की. कालच आणला. लाजरा आहे जरा. लाकडामागे बसतो."

आईनं वाकून बघितलं. लाकडामागे अंधार होता. अंधाराला नाही कसं म्हणणार? तिनं टेप गुंडाळला.

बाबा मात्र खुर्ची घेऊनच बसले. बाबा निवृत्त मीटर-रीडर. तीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे आकडे टिपलेले. घराला कुलूप असलं तर वहीत मागच्या महिन्याच्या हिशेबानं आकडा लिहायचा आणि पुढे 'अंदाजे' असा शेरा मारायचा, हा खात्याचा नियम. बाबांची त्यावर इतकी श्रद्धा, की आईचा वाढदिवससुद्धा ते अंदाजे लक्षात ठेवत. त्यांनी जुनी वही काढली. संध्याकाळी धाकटा लॅबमधून आला, तेव्हा वहीत पहिली नोंद होती : 'सकाळी अकरा. लाकडाच्या डावीकडे. रंग तांबूस. अंदाजे.'

"तुम्हाला दिसला?" धाकट्यानं नोंद पुन्हा वाचत विचारलं.

"न दिसता लिहीन होय?" बाबा म्हणाले.

बाबांना दिसला म्हटल्यावर आईला दिसणं भागच होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात बाबांना आधी दिसलेली एकही गोष्ट तिनं तशीच सोडली नव्हती. "तांबूस कसला? चंदेरी आहे," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "आणि मला चांगला मिनिटभर दिसला."

"माझ्याकडे लेखी आहे."

"लेखी आहे म्हणे! लग्नपत्रिकेत तुम्ही 'सुस्वभावी' होतात, तेही लेखीच होतं."

बाबांनी खाऊचा डबा विकत आणला. सकाळी बाबा चिमूटभर टाकायचे. मग बाबा विसरले असतील म्हणून आई टाकायची. संध्याकाळी आईनं टाकलं नसेल म्हणून पुन्हा बाबा. नसलेला मासा दिवसातून तीनदा जेवू लागला. पाणी गढुळलं, थोडा वासही यायला लागला, आणि धाकटा पहाटे उठून नळीनं निम्मं पाणी बदलू लागला.

वहिनी हे सगळं दारात उभी राहून बघत होती. थोरला भाऊ कामासाठी परगावी असायचा आणि त्याचं मत घरात असतानाही कुणी विचारत नसे, त्यामुळे त्या दोघांचं मिळून मत वहिनीच द्यायची. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणं हे तिचं काम.

"भावोजी, टाकीत मासा नाहीये," ती शांतपणे म्हणाली.

"हळू बोला!"

"मी रोज चाळीस माणसं बघते. दिसत काही नसतं, पण खालची ओळ घडाघडा म्हणतात, कारण आधीच्याची ऐकून पाठ केलेली असते. आई-बाबांचं तेच चाललंय."

"आईला सांगणार?"

"छे! इतकी करमणूक मी कशाला घालवू?" आणि आत जाता जाता तिनं हाक मारली, "आई, शेपटीला निळसर झाक आहे नाही हो?"

"तेच म्हणते मी!" आई आतून म्हणाली.

इथपर्यंत बुडत्याचा पाय खोलात होता, पण तळ तरी होता. चौथ्या आठवड्यात आईला माशाची दया आली आणि तळही गेला.

"बिचारा बाहेरच येत नाही, कारण तुझी ही झाडी," ती म्हणाली. "त्याला हिंडायला जागा कुठाय? रविवारी मी सगळं उपटणार. लाकूड काढू, मोकळं पाणी करू, खाली रंगीत खडे घालू. आणि एक प्लॅस्टिकचा किल्ला. मी बघून ठेवलाय. गुलाबी आहे."

धाकट्यानं टाकीकडे बघितलं. हिरवळ आता कुठे एकमेकींत गुंतून उतारभर पसरली होती. मॉसनं आईचा काळा दोरा पूर्ण झाकला होता. परवाच टपालवाला सही घ्यायला आला आणि पेन हातात धरून दोन मिनिटं टाकीकडे बघत राहिला होता. दोन मिनिटं! धाकट्याच्या कुठल्याही कवळीकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं. तिच्या मालकानंसुद्धा.

"लोकांना गाय दिसत नसली तर गोठा पाडतात का?" तो कसाबसा म्हणाला.

"दिसत नसली तर आधी गोठ्यातच शोधतात," आई म्हणाली.

आता खरा मासा आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण कच्च्या पाण्यात टाकलेला मासा मरणार. शनिवारी दुपारी त्यानं काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि तपासणीचे थेंब टाकले. हिरवं झालं तर विष, पिवळं राहिलं तर ठीक. पिवळं राहिलं. दुसऱ्या नळीतही विष नाही. त्यानं पुन्हा तपासलं. तेच.

त्यानं दुकानदाराला फोन केला.

"खाऊ टाकत होतास का रिकाम्या टाकीत?"

"मी नाही. आई-बाबा. दिवसातून तीनदा."

"मग बरोबर. तो खाऊ कुजला, त्यावर जीवाणू पोसले. पाणी पिकलं." दुकानदार गहिवरला. "शिकलेली माणसं आहेत हो तुझ्या घरात."

धाकटा बाबांच्या वहीतून उतरवलेलं वर्णन घेऊन दुकानात गेला. अंगानं तांबूस पण चंदेरी, शेपटी निळसर, लांबी एक ते चार इंच. दुकानदारानं दोनदा वाचलं. "हा मासा आहे की अफवा?" म्हणत त्यानं एक फायटर जातीचा मासा दिला. लाल अंग, निळी शेपटी, चेहऱ्यावर भाडेकरूला नोटीस द्यायला आलेल्या घरमालकाचा भाव. आई-बाबा फिरायला गेल्यावर धाकट्यानं पिशवी अर्धा तास पाण्यात तरंगू दिली आणि मासा सोडला.

रविवारी सकाळी आई बाह्या सारून, बादली घेऊन हजर. मासा लाकडामागून निघाला, थेट काचेपाशी आला आणि आईकडे रोखून बघू लागला.

"बघ!" धाकटा ओरडला. "आला की नाही बाहेर?"

आईनं बादली खाली ठेवली. "हा कोण?"

"आपलाच!"

"आपला नव्हे हा. आपला लाजरा आहे. हा मेला किती आगाऊ! डोळ्याला डोळा भिडवतोय." तिचा चेहरा उतरला. "ह्यानं आपल्या लाजऱ्याला खाल्लं तर नाही ना रे?"

धाकट्यानं हात टेकले. "आई, पहिला मासा नव्हताच. मी खोटं बोललो. टाकी कालपर्यंत रिकामी होती."



"बघा," आई म्हणाली, "नवा आला, की जुन्याला ओळखसुद्धा देत नाही. उद्या आम्हालाही असंच म्हणेल. आई नव्हतीच!"

बाबांनी वही उघडली. "सव्वीस नोंदी आहेत. सव्वीस! तीस वर्षांत माझ्या आकड्याला एका माणसानं आव्हान दिलं नाही."

"सूनबाई, तू सांग," आई म्हणाली. "तुझं तर कामच डोळ्यांचं."

वहिनी पुढे आली. एक डोळा झाकून तिनं लाकडामागच्या अंधारात बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं.

"आहे," ती म्हणाली. "घाबरलाय फक्त."

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं बादली उचलून धाकट्याच्या हातात दिली.

"ठेवून ये ही. आणि त्या लाकडाला कुणी हात लावायचा नाही. आमचा त्याच्यामागे जीव मुठीत धरून बसलाय. उलट त्या कोपऱ्यात अजून झाडी लाव, ह्या गुंडाला दिसता कामा नये." ती आत वळली. "मशीन राहू दे मागच्या खोलीत. मला एक दिवा आणून द्या म्हणजे झालं."

धाकटा बादली घेऊन उभाच होता. बाबांनी घड्याळ बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि सत्ताविसावी नोंद केली :

'सकाळी साडेनऊ. मासे दोन. एक दिसला. एक अंदाजे.'