शुक्रवारची दारं

गेल्या वर्षी लॉनी क्रॅट्झरचं सुवर्णपदक हुकलं, कारण त्याच्या गाडीचा रंग फार चांगला लागला होता. सदुसष्ट साली कारखान्यातून निघताना त्या गाडीच्या पुढच्या पत्र्यावर रंगाचा एक ओघळ होता, आणि लॉनीनं मूर्खासारखा तो घासून टाकला होता.

यंदा तसं होणार नव्हतं. आमच्या ओहायोत जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत गाडी नुसती सुंदर असून भागत नाही, कारखान्यातून निघाली तश्शी लागते. चुकांसकट. लॉनी तीन आठवडे नुसता ओघळ पाडायला शिकला. कारखान्यातल्या तपासनिसाची पिवळ्या खडूची फुली त्यानं जुना फोटो बघून दोन्ही दारांच्या काचांवर काढली. आणि दारं बसवायला थेट वेंडेलकाकांना वृद्धाश्रमातून उचलून आणलं. वय ऐंशी, त्याच कारखान्यात ते दारंच बसवायचे.

"तेव्हा बसवायचात अगदी तशी बसवा," लॉनीनं बजावलं.

"गाडी कुठल्या वारची?"

"शुक्रवारची. दुपारची पाळी."

"बरं," म्हणाले काका.

स्पर्धेच्या दिवशी मैदानात ऊन नुसतं भाजत होतं. परीक्षक यायच्या आत स्टिअरिंगवर एक फडका मारावा म्हणून लॉनी गाडीत बसला. त्याच्या बायकोनं, डोरीननं, दार लोटलं. दाराच्या पोटात टणकन काहीतरी पडलं. मग दार आतून उघडेना, बाहेरूनही उघडेना. लॉनीनं पलीकडच्या दाराची कडी ओढून पाहिली. तिथंही टण्ण.

काका शेजारी खुर्ची टाकून सँडविच खात होते.

"काका, काय केलंत हो दारात?" लॉनी आतून ओरडला.

"शुक्रवारी जेवणानंतर आम्ही कडीची क्लिप लावायचो नाही. बोलिंगला जायची घाई असायची."

"मग माणसं बाहेर कशी यायची?"

"ते माझं खातं नव्हतं."

"काच खाली कर आणि ये बाहेर," डोरीन म्हणाली.

"फुली पुसेल!"

"मग मागची सीट उपट, डिकीतून ये."

"तिचे खिळे मूळचे आहेत. एकदा काढले की वाकतात."

"वाकलायस तू!"

शेवटी पुढची छोटी तिकोनी काच किलकिली करून तिनं त्याला स्ट्रॉनं लिंबूपाणी पाजलं.

तेवढ्यात परीक्षक ऑर्विल स्टॅम काठीला बांधलेला आरसा घेऊन आला. ओघळ पाहून खूश झाला. दार ओढलं. उघडेना. फटीत आरसा घातला आणि त्यानं डोक्यावरची टोपीच काढली.

"क्लिप नाही! चाळीस वर्षांत पहिल्यांदा खरी शुक्रवारची दारं बघतोय. पूर्ण गुण!"

मग आत डोकावला. "हे काय आहे?"

"मी आहे, साहेब."

"कारखान्याच्या यादीत नाही. गाडीत परकी वस्तू, दोन गुण वजा."

लॉनीनं घाम पुसला. "आणि फुली पुसली तर?"

"चार."

"सुवर्णपदकाला किती लागतात?"

"हजारात नऊशे सत्त्याण्णव. तुमचे बाकी सगळे पूर्ण आहेत. पदकं पाच वाजता. तोवर काही हलवायचं नाही."

पावणेबारा वाजले होते.

"लॉनी, खबरदार!" डोरीन म्हणाली.

लॉनीनं काचेच्या हँडलवरचा हात हळूच काढून मांडीवर ठेवला.

"डोरीन," तिकोनी फटीतून आवाज आला, "आता बर्फ जरा जास्त घाल."