सांबाराच्या खोलीतली हवा

रूपरावांनी सुताचा दोरा खिडकीतल्या ओल्या ताटीसमोर धरला. दोरा हलला नाही. सरळ खाली लोंबत राहिला.

"काका, एक्केचाळीस दाखवून राह्यलं," हर्षा तापमापकाकडे पाहत म्हणाली.

नाचणगावातल्या त्या खोलीत फळ्यांच्या उतरंडीवर, दिव्यांच्या उजेडात, सांबार उगवला होता. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे. मे महिन्यात शेतात तिचं पान टिकत नाही, म्हणून हर्षानं घरातच हा खटाटोप मांडला होता. परवावर आलेल्या हिंगणघाटच्या एका लग्नात माल द्यायचा शब्द तिनं दिला होता. तो पाळता आला नाही, तर तिचे सासरे प्रभाकरराव खोलीत पुन्हा तुरीचं कुटार, गुरांसाठीचा भुसा, भरणार होते. तसं त्यांनी बजावलंच होतं. आणि इथे पानं माना टाकायला लागली होती.

हवेची सोय रूपरावांनी केली होती. एका खिडकीला वाळ्याची ओली ताटी, समोरच्या खिडकीत बारा इंची पंखा. ताटीतून गार हवा आत यावी, पंख्यानं गरम हवा बाहेर फेकावी. पंखा केवढा हवा, हे हर्षानं वही घेऊन विचारलं, तेव्हा त्यांनी खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि ऐटीत सांगून टाकलं. पुलगावच्या मिलमध्ये एकतीस वर्षं पंख्यांवर काढलेल्या माणसाला कोण उलट विचारणार?

खरी गोष्ट त्यांनाच ठाऊक होती. मिलमध्ये ते पंखे चालवत, तेलपाणी करत, दोरा धरून हवा पाहत. पंखा केवढा बसवायचा, हे साहेब ठरवत. मिल बंद पडली, साहेब गेले, आणि गावानं रूपरावांना हवेतला जाणकार करून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनीही ती उघडली नाही. आता उघडायची वेळ आली होती. व्होल्टेज कमी आहे म्हणावं? पोरीनं विश्वास ठेवला असता. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"काऊन होऊन राह्यलं असं, काका?"

त्यांनी दिव्याच्या पट्टीला हात लावला. हात ठेववेना.

"पोरी, माह्यं चुकलं. खोली मोजली, दिवे मोजले नाई. गरमी तं दिवेच करून राह्यले. अन् मले मोजता येतच नाई. मिलमधी सायब मोजत."

हर्षानं एकेका दिव्यावरचा आकडा वहीत उतरवला, मोबाइलवर काही शोधलं, हिशेब केला. तिप्पट हवा लागणार होती. तेवढा पंखा वर्ध्याहून येईपर्यंत सांबार वाळला असता.

दिवे बंद ठेवायला सांगून रूपराव स्कूटरवर घरी गेले आणि स्वतःच्या कूलरमधला अठरा इंची पंखा काढायला बसले. बाहेर सेहेचाळीस होतं. बायको नलू कूलरसमोरच पडली होती. तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि स्क्रू ठेवायला वाटी पुढे केली.

पंखा खिडकीत बसला, दिवे लागले. रूपरावांनी डोळे मिटूनच दोरा ताटीसमोर धरला. उघडून पाहिलं तर दोरा आतल्या बाजूला आडवा झाला होता. तासाभरात खोली एकतिसावर आली. ते सामान आवरून खालच्या मानेनं निघाले, तशी हर्षा दारापर्यंत आली.

"मोजाचं मी पाहीन, काका. दोरा तुम्हीच धरजा."

घरी कूलरच्या रिकाम्या खोक्यातून मागची भिंत दिसत होती. नलूनं खिडकीला ओली चादर टांगली होती. रूपराव तिच्याशेजारी बसले आणि सवयीनं खिशातला दोरा चादरीसमोर धरला. तो हलला नाही. नलूनं सूप उचलून वारा घातला, तेव्हा जरासा हलला.