घाम वाळायच्या आत

आमचं मासिक टीव्हीमुळे बंद पडलं असं सगळे सांगतात. परवा एका समारंभात एक गृहस्थ तर म्हणाले की कागद महागला म्हणून. टाळ्याही पडल्या. मी मागच्या रांगेत बसून दातओठ खात होते. ते मासिक मी बंद पाडलं, एका संध्याकाळी, मध्यंतरात, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

मासिक कुस्तीचं होतं. म्हणजे दोरांच्या रिंगमध्ये चालते ती कुस्ती: मुखवटे, चमचमत्या चड्ड्या, कमरेला परातीएवढा बेल्ट. कोण जिंकणार हे आठवडाभर आधी संपादकांच्या खोलीत ठरायचं, कारण खेळ भरवणारेही तेच आणि मासिक काढणारेही तेच. ठरवून खेळण्यात मला काही गैर वाटत नाही. आपटणं खरंच असतं, सुजणंही खरं असतं, निकाल तेवढा घरचा. नाटकवालेही ठरवूनच मरतात. पण नाटकवाले शपथा घेत नाहीत. आमचे संपादक दर अंकात घ्यायचे, की आम्ही एक अक्षर खोटं छापत नाही.

मासिकाची ख्याती होती ती वेगासाठी. शेवटची लढत संपल्यावर लोक दारापर्यंत पोचतात न पोचतात, तोच त्यांच्या हातात अंक पडायचा, आणि त्यात आत्ता पाहिलेल्या लढतीचं डावागणिक वर्णन, फोटोंसकट. 'घाम वाळायच्या आत' हे ब्रीद मुखपृष्ठावरच असायचं. हॉलच्या तळघरात छापखाना आहे अशी अफवा होती आणि ती संपादकांनी स्वतःच सोडली होती.

खरा प्रकार असा, की फोटो मी तीन-चार दिवस आधी भर दुपारी काढायचे. मी मासिकाची फोटोग्राफर. रिकाम्या हॉलमध्ये जिंकणारा रिकाम्या खुर्च्यांकडे बघून हात उंचवायचा, आणि हरणारा डोळे मिटून म्हणायचा, "ताई, आटप लवकर, पाठ गार पडली." रक्ताला बीटचा रस. प्रेक्षकांचे चेहरे जुन्या रिळांतले. खेळाच्या दिवशी छापील गठ्ठे बाहेरच्या चारही दारांशी चादरीखाली झाकलेले असायचे. पंचांनी शेवटचे तीन आकडे मोजले की मी कॅमेरा डोक्यावर धरून दोनदा फ्लॅश मारायचे. दाराच्या काचेतून तो उजेड दिसला की बाहेरच्या विक्रेत्या बायका चादरी ओढायच्या.

मला या कामाला लावलं ते माझ्या दादानं. रिंगमध्ये त्याला पहाड म्हणायचे. घरी तो झुरळाला भ्यायचा, ते सोडा.

दादाची मान मोडली ती युवराजच्या हातून. युवराज म्हणजे संपादकांचे चिरंजीव. त्यानं दादाला खांद्यावर घेऊन अलगद पाठीवर सोडायचं, असं ठरलं होतं. तालमीला हे महाशय आलेच नाहीत. खेळाच्या वेळी दादाला खांद्यावर घेतल्यावर त्यानं एक हात सोडून लोकांकडे हलवला, आणि दादा डोक्यावर आला. तो आवाज मी रिंगच्या कडेला उभी राहून ऐकला. संपादकांनी ताबडतोब हॉलचे दिवे घालवायला लावले आणि दादाला मागच्या दारानं चादर घालून नेलं. कोपरांच्या खाली आणि छातीच्या खाली त्याला आजही काही कळत नाही.

पुढच्या अंकाचा मथळा होता, 'पहाड पळाला!' अंधाराचा फायदा घेऊन युवराजच्या भीतीनं पळाला म्हणे. सोबत फोटो: दादा दोरावरून पाय टाकतोय, मान वळवून मागे बघतोय. फोटो माझाच होता. दादा रिंगमध्ये येतानाचा, दुसऱ्याच एका लढतीतला. मागे वळून तो वहिनीला शोधत होता.

मी तो अंक घेऊन संपादकांपुढे उभी राहिले.

"साहेब, एक ओळ छापा. पहाड पळाला नाही, जखमी झाला. एवढंच."

त्यांनी चष्मा पुसला. "आपण इजा छापत नाही. तुला ठाऊक आहे."

"तो पडून आहे साहेब. कायमचा."

"म्हणूनच. एक इजा खरी म्हटली, की लोक विचारणार, मग बाकीच्यांचं काय? तुझ्या दादानं एवढी वर्षं खेळ सांभाळला. त्याला विचार, तोही हेच म्हणेल."

दादाला विचारलं तर तो छताकडे बघत म्हणाला, "जाऊ दे." वहिनी मात्र जाऊ देऊ शकत नव्हती. घराबाहेर तिलाच पडावं लागायचं. दुकानदार सुटे पैसे देताना विचारायचा, "काय, सापडला का आमचा पळपुटा?" आम्ही घर बदललं. नव्या गल्लीतही अंक वाचणारे होतेच. भीतीनं अंथरूण धरलंय असं ठरलं. मुलं खिडकीखालून 'पहाड पळाला' असं ओरडत धावायची, आणि आत दादा रेडिओ मोठा कर म्हणायचा.

मी नोकरी सोडली नाही. नातेवाइकांनी मला लाचार ठरवलं, काहींनी तोंडावर. ठरवू दे म्हटलं. मी डूख धरून बसले होते, आणि त्यासाठी जवळ बसावं लागतं.

मग मासिकाची पन्नाशी आली. विशेषांक खेळाआधीच छापून तयार झाला, त्यात संपादकांनी स्वतः लिहिलेला मासिकाचा इतिहास. वडिलांनी मासिक कसं सुरू केलं, सत्याची कास कशी सोडली नाही, वगैरे. मधल्या पानावर 'काही गमतीदार आठवणी', आणि त्यांत पहिलीच: पहाड पळाला तो दिवस. फोटो तोच, या वेळी रंगीत केलेला.

म्हणजे त्यांना ती गंमत वाटत होती. इतकी वर्षं लोटल्यावर माणसाला निदान विसर पडतो. यांना आठवलं, आणि हसू आलं. त्या दिवशी मी घरी जेवले नाही.

विशेषांकाचा मुख्य मजकूर होता युवराज आणि जल्लाद यांची बेल्टची लढत. युवराज जिंकणार, अर्थात. बेल्ट घातलेला त्याचा फोटो मुखपृष्ठावर.

खेळाला हॉल खचाखच भरला. पहिल्या लढती झाल्या, मध्यंतराची घंटा झाली, लोक उठून दारांकडे निघाले. मी रिंगच्या कडेला उभी होते. मी कॅमेरा डोक्यावर धरला आणि दोनदा फ्लॅश मारला.

बायकांनी चादरी ओढल्या. त्यांना उजेड दिसला होता, दारातून माणसं बाहेर येत होती, शंका यायचं कारणच नव्हतं. अंक हातोहात खपले. संपादक तेव्हा आपल्या खोलीत पाहुण्यांना चहा देत होते.

लढत सुरू झाली. सुरुवातीला पानं उलटल्याची नुसती सळसळ. मग डावीकडून एक जाडा माणूस अंक डोळ्यांशी धरून म्हणाला, "आता जल्लाद केस धरील." जल्लादनं केस धरले. आजूबाजूचे हसले. "आता डावा गुडघा." युवराजनं डावा गुडघा धरला आणि विव्हळला. रांगेमागून रांग पानं उघडायला लागली. "आता डोळ्यांत पावडर!" सगळा हॉल एका सुरात ओरडला. जल्लाद मुठीत पावडर घेऊन उभाच राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मुकाट्यानं ती खाली टाकून हात पुसले. युवराजनं डाव बदलून बघितला, पण तालमीला न जाणाऱ्याला दुसरा डाव येणार कुठून? पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई त्याला म्हणाल्या, "बाळा, तू आधी पडायचंस. हे बघ, चित्र आहे."

संपादक धावत आले आणि माइक घेऊन म्हणाले, "कृपया अंक मिटा." त्यावर जे हसू उठलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पंचांच्या आधी हॉलनंच एक, दोन, तीन मोजले. आणि हसण्यातच मागून कोणीतरी विचारलं, "मग तो पहाड? तोही ठरवूनच पळाला का?"

मी कॅमेरा रिंगच्या कडेवर ठेवला आणि घरी गेले.

काही दिवसांनी सकाळी संपादक आमच्या दारात उभे. दाढी वाढलेली, हातात माझा कॅमेरा. शहरभर हसं झालं होतं, पुढच्या खेळाची तिकिटं लोक परत करत होते. मला वाटलं, शिव्या द्यायला आले असतील. ते सरळ आत जाऊन दादाच्या पलंगाशी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सगळंच खोटं नसतं, हे आता दाखवायलाच हवं," ते दादाला म्हणाले. "तुझी मान खरी मोडली. मुखपृष्ठावर तुझा फोटो देतो. पळाला नव्हता, असा मथळा. ताईच काढेल फोटो." आणि त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली. ज्या ओळीसाठी मी त्यांच्यापुढे हात पसरले होते, ती ओळ आमच्या घरी चालत आली होती. दादाला ती हवी होती.

"कोणाची मान साहेब?" दादा म्हणाला. "मी तर पळालो होतो."

"अरे, असं काय करतोस..."

"तुमच्याच अंकात आहे. फोटोसकट. दोनदा छापलंत." तो त्यांच्याकडे बघत होता, छताकडे नाही. "आणि तुम्ही तर एक अक्षर खोटं छापत नाही."

मला इतकी वर्षं वाटत होतं, डूख फक्त मीच धरलाय.

संपादकांनी वहिनीकडे बघितलं. तिनं पेला परत नेऊन माठावर उपडा ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, अजून आशेनं.

मी कॅमेरा डोक्यावर धरला आणि दोनदा फ्लॅश मारला.

ते उठले. दादा म्हणाला, "ताई, दार लावून घे."