इन्साफ थांबते

इजिप्तमधल्या टांटा शहरात गाड्यांत टेप-प्लेअर बसवायचं काम माझ्याइतकं सफाईनं कुणी करत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

ड्रायव्हराला इथं मानानं उस्ता म्हणतात. उस्ता शहाता आपली जुनी प्यूजो टॅक्सी घेऊन आला तेव्हा तिच्यातला टेप शेवटच्या घटका मोजत होता. आत एकच कॅसेट, पंचवीस वर्षांची. उस्ता इराकात बांधकामावर असताना बायकोनं, इन्साफनं, पाठवलेली. इन्साफला लिहिता येत नव्हतं. तेव्हा अशा घरांतून पत्राऐवजी आवाज भरलेल्या कॅसेटी जायच्या, कुणातरी जाणाऱ्याच्या हाती. ही शेवटची. तो परतायच्या आतच इन्साफ वारली.

"कॅसेटला काही झालं तर मान मुरगाळीन तुझी, विसाम."

"उस्ता, तुमच्या ओरडण्यानंच तुटेल ती. चहा घ्या गप."

मी नवा डिजिटल प्लेअर बसवला. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि सवयीप्रमाणे मधल्या मोकळ्या जागा कापून टाकल्या. तिथं नुसती खरखर असते, गिऱ्हाइकाला ती नकोच असते. कापण्याआधीची प्रत पुसली. फीत तर उतरवून होताच तुटली होती.

उस्तानं बटण दाबलं.

"कसा आहेस जेवलास का पांघरूण पुरतं का रे?" इन्साफ दम न घेता बोलत सुटली.

उस्ताचा चेहरा पडला. "ही थांबत का नाही?"

"कुठं थांबायचं?"

"गाढवा, मी उत्तर देतो तिथं! माझ्यासाठी जागा सोडलीय तिनं. रोज बोलतो आम्ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुटलेल्या फितीचं कसं सांगावं तेही कळेना. तोवर उस्तानं हट्टानं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"कसा आहेस?"

"बरा आहे गं."

आवाज थांबला. प्लेअरवरचे सेकंद पळत होते, पण इन्साफ गप्प होती.

"जेवलास का?"

"वालाची फूल-उसळ खाल्ली, कांदा घेऊन." तिनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं, मग पांघरुणाचं विचारलं. त्या जागा तर मी कापून टाकल्या होत्या.

"कधी येतोस?"

"इथं कॅसेट संपते," उस्ता माझ्याकडे वळून म्हणाला. "इथं मी कधीच काही बोललो नाही. काय बोलणार?"

पण काही संपलं नाही. चाळीस सेकंद झाले. सत्तर झाले. मी बंद करायला हात पुढं केला, तो त्यानं घट्ट धरला.

"शुक्रवारी," तो हळूच म्हणाला.

"मग मी जेवायची थांबते," इन्साफ म्हणाली.

त्या कॅसेटच्या दोन्ही बाजू मी दोनदा ऐकल्या होत्या. हे वाक्य तिच्यात नव्हतं.

उस्तानं बाहीनं डोळे पुसले. "आज वार कोणता रे?"

"गुरुवार," मी बोलून गेलो. त्याचा चेहरा असा उजळला की मला भीतीनं रडूच फुटलं.